पाच घरी पोचलेली कॅसेट

गंगाखेडच्या स्टँडवर उतरले आणि पाय आपोआप खताच्या दुकानाकडे वळले. खरं तर मला तिथं जायची काही गरज नव्हती. मला जुन्या कॉम्प्युटर क्लासच्या मोईनभाईकडून एक पत्ता हवा होता आणि तो फोनवरही मिळाला असता. पण गेले आठ दिवस मी एका जागी बसूच शकत नाहीये. शाळेत पोरांना संगणक शिकवता शिकवता मध्येच उठून खिडकीशी जाऊन उभी राहते. घरी भाकरी तव्यावर टाकते आणि करपल्याचा वास आल्यावर आठवते. अप्पांनी मोबाईलवर लिहिलेली एक ओळ डोक्यातून जात नाही. "माजं गानं कुटं ऱ्हायलंय का?"

अप्पा म्हणजे माझे वडील. पालमच्या गाडीवर कंडक्टर होते आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत गायचे. मागच्या वर्षी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते मोबाईलवर एकेक अक्षर शोधून टाइप करतात आणि फोन माझ्यापुढे धरतात. त्यांचं बोलणं तसं थोडंफार जपलेलं आहे. भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओत ते पाहुण्यांना "जेवल्याबिगर जायचं न्हाई बरं का" म्हणतात, तेवढे चार सेकंद आम्ही घासून घासून ऐकलेत. पण गाणं? ती ओळ वाचली आणि मी विचार न करता बोलून गेले, "आहे की अप्पा. मी आणते." ते हसले. गळ्याच्या भोकातून नुसती हवा आली, पण ते हसले होते. त्या हसण्याने माझी झोप उडवली आहे.

खताच्या दुकानावरचा जिना तसाच आहे, पहिली पायरी उंच आणि बाकीच्या बुटक्या. वर आमचा कॉम्प्युटर क्लास होता, तिथं आता ब्यूटी पार्लर आहे. दारात पडदा आहे आणि आतून शांपूचा वास येतो. मी जिन्यातच थबकले, कारण खालून युरियाच्या पोत्यांचा तो नाकात टोचणारा वास आला आणि पंधरा वर्षं एकदम अंगावर आली. तेव्हा मी कॉलेजात होते आणि दुपारी इथं पोरापोरींना मराठी टायपिंग शिकवायचे. मोईनभाईचा क्लास. आठ खोके, त्यातले सहा चालू. चपला बाहेर काढायच्या, कारण धुळीने कॉम्प्युटर बिघडतो असं मोईनभाईचं ठाम मत. पंख्याची घरघर, कळफलकांची टपटप, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरताना येणारा आंबूस वास. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याकडून मळीचा वास यायचा, खिडकी लावली तरी यायचा. उसाच्या ट्रॅक्टरवर कर्णे लावलेले असायचे. एक ट्रॅक्टर जाईपर्यंत मी शिकवणं थांबवायचे आणि मग दुसरा यायचा. उन्हाळ्यात गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पात्र उघडं पडायचं आणि वाळूचे कण थेट माझ्या वहीवर येऊन बसायचे.

आणि त्या सगळ्या वासांत, आवाजांत आमचं एक चोरटं जग होतं.

एक साईट होती. नाव सांगून काय करू, ती आता नाही. टॉरेंटची साईट, पण खासगी. आत शिरायला आतल्या माणसाची चिठ्ठी लागायची. मोईनभाईनं कुणाकडून तरी मिळवली आणि मला दिली. मराठवाड्यातल्या छोट्या छोट्या गायन पार्ट्या, जलसे, कव्वालीचे सामने, गावोगावच्या जयंतीचे कार्यक्रम, ज्यांची कॅसेट कुठल्या दुकानात कधी विकायला आलीच नाही, ते कुणीकुणी आपल्या टेपवर भरून घेतलेलं सगळं तिथं होतं. खरं तर 'तिथं' काहीच नव्हतं. कॅसेटी, म्हणजे त्यांच्या फायली, सभासदांच्या घरीच असायच्या, ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर. साईट फक्त हजेरीवही ठेवायची, कुणी किती घेतलं आणि कुणी किती दिलं याची.

नियम एकच, जेवढं घ्याल तेवढं द्या. त्याला रेशो म्हणायचे. घेतलेल्याच्या मानाने दिलेलं कमी पडलं की नाव पिवळं व्हायचं, फारच कमी पडलं की लाल. लाल नावाला घेणं बंद. साईट चालवणारा माणूस स्वतःला नुसतं 'मास्तर' म्हणवायचा आणि सूचनाही शाळेच्या फळ्यावर लिहाव्यात तशा लिहायचा. मास्तरांचा एक नियम मी दुसरीकडे कुठंच पाहिला नाही. ज्यांच्या गावी भारनियमन आहे त्यांनी वीज जाण्याचं वेळापत्रक कळवावं, तेवढ्या तासांची सूट मिळेल. मी गंगाखेडचं वेळापत्रक सुवाच्य मराठीत टाइप करून पाठवलं होतं. मास्तरांनी उत्तर दिलं, "टंकलेखन शुद्ध आहे. शाबास." कुणीतरी शाबास म्हटलं म्हणून मी दोन दिवस हवेत होते.

घ्यायला काही वाटायचं नाही, देणं मात्र जमायचं नाही. आमच्या लाइनवरून वर काही चढवायचं म्हणजे मुंगीने ज्वारीचं पोतं ओढायचं. त्यातून माझ्याकडे देण्यासारखं होतं तरी काय? जे सगळ्यांकडे होतं तेच. मी दिवसभर मशीन चालू ठेवून वाट पाहायचे आणि घ्यायला चिटपाखरू यायचं नाही. पण हावरेपणा असा की रोज नवी यादी बघितल्याशिवाय जेवण जात नव्हतं. ऐकायला वेळ नव्हता, जमवायला मात्र भरपूर होता. नाव पिवळं झालं. मग ते तांबूस दिसायला लागलं, निदान मला तरी तसं वाटायचं.

त्याच दिवसांत यादीत एक नोंद आली. 'पालम, जयंती कार्यक्रम, बाजू अ आणि ब. अवस्था: बुरशी, तरी ऐकू येते.' खाली गायकांची नावं, आणि त्यात अप्पांचं नाव. चढवणारे स्वतः मास्तर. मी किंचाळलेच. टायपिंगची पोरं खुर्चीत वळून बघायला लागली. ती कॅसेट उतरायला दीड दिवस लागला. मधे दोनदा लाईट गेली, मोडेमचा हिरवा दिवा परत लागेपर्यंत मी ओढणी चावत बसले. उतरली तेव्हा सुरुवात लावून पाहिली. खरखर, मग कुणीतरी "हॅलो, हॅलो, एक दोन तीन", मग अप्पांचा खाकरण्याचा आवाज. तेवढ्यात दुसरं काहीतरी उतरायला लागलं आणि मशीन अडकायला लागलं म्हणून मी ते बंद केलं. नंतर निवांत ऐकू म्हटलं. अप्पा काय, रोज घरी गातच होते, आंघोळीलासुद्धा.

त्या कॅसेटने माझा रेशो आणखी खाली नेला. मोईनभाई म्हणाला, "बाई, इतकं टेन्शन कायको घ्यायलात? एक जुगाड हाय."

जुगाड म्हणजे एक लहानसा प्रोग्राम. तो साईटला जाऊन परस्पर सांगायचा की या बाईनं आज एवढं एवढं दिलं. आकडा आपण टाकायचा.

"आन् देयाचं काय?" मी विचारलं.

"देयाचं काईच न्हाई. नुस्तं सांगायचं."

मला भीती वाटली हे खरं, पण पोटात गुदगुल्याही झाल्या. दुसऱ्या साईटींवर हे लगेच पकडलं गेलं असतं. घ्यायला कुणी आलंच नाही आणि तुम्ही दिलं कुणाला, असं त्यांनी विचारलं असतं. पण मास्तर विश्वास ठेवणारे होते. आता प्रश्न हा की खोटा आकडा टाकायचा कुठल्या कॅसेटीच्या नावावर? माझ्याकडे चाळीसेक होत्या. माऊस एकेका नावावर नेला. एक होती जिंतूरकडच्या कुणा शाहिराची, एक वसमतच्या सामन्याची. परक्याच्या गाण्यावर खोटं टाकायला हात धजेना. त्यांचा शाप बिप लागेल असलं काहीतरी वाटलं. मग पालमची दिसली. ही आपल्याच घरची आहे, म्हटलं. आपल्या बापाच्या नावावर लेकीनं थोडं खोटं टाकलं तर कुणाचं काय जातंय? दुकान घरचं असलं की पोर बरणीत हात घालतंच. मी आकडा टाकला. दुसऱ्या दिवशी अजून थोडा. आठवडाभरात माझं नाव हिरवंगार झालं. मोईनभाईनं खालून दोन कट चहा आणि भजी मागवली आणि आम्ही त्या हिरव्या नावाकडे बघत खाल्ली.

तो हिवाळा फार सुखाचा गेला, हे लाज सोडून सांगते. हवं ते उतरवलं. हुरड्याच्या दिवसांत मी शेतात न जाता त्या खोलीत बसून होते, हातात मैत्रिणीने आणलेला हुरडा आणि डोळे टक्केवारीवर. पुढे मी बी.एड.ला गेले. क्लासमधल्या मशीनला व्हायरस लागला आणि मोईनभाईनं ते पुसून पुन्हा उभं केलं. मला फोनवर कळलं तेव्हा मी म्हणाले, "असू दे, साईटवर आहे की सगळं." मग साईटही कधी गेली, कळलं नाही. मधल्या काळात मोडेमचा तो हिरवा दिवा गेला, स्टँडवरची उसाच्या रसाची घुंगरं गेली, अप्पांच्या आंघोळीचं गाणं गेलं. कुठली गोष्ट कुठल्या साली गेली हे मला विचारू नका.

मोईनभाई आता स्टँडसमोर मोबाईल दुरुस्त करतो. दाढी पांढरी झाली आहे. मला बघून हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"बाई! लय दिवसांनी. अप्पा कसेयत?"

मी सांगितलं. त्यानं मला बसायला स्टूल सरकवलं. मग एका जुन्या फोनमध्ये शोधून म्हणाला, "मास्तर झरीचे हायत. रिटायर होऊन जमाना झाला. जावा, त्यांच्याकडं आसणारच. वो आदमी कागज का टुकडा भी नहीं फेंकता."

झरीला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. मास्तरांच्या अंगणात तूर वाळत घातली होती आणि ते खुर्ची टाकून कोंबड्या हाकत बसले होते. सत्तरीच्या पुढचे, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. मी माझं साईटवरचं नाव सांगितलं. मी तिथं 'बाभूळ' होते.

ते उठून उभे राहिले. "बाभूळ? गंगाखेडची बाभूळ? आगं पोरी, तूच का ती! ये, आत ये. तुला भेटायचं लय मनात होतं माज्या."

मला का भेटायचं होतं ते कळेना. त्यांनी मला आत नेलं. कोपऱ्यात टॉवेलने झाकलेला कॉम्प्युटर होता आणि फडताळात दोनशे पानी वह्या. साईट बंद करायच्या आधी त्यांनी सगळी हजेरी हाताने वह्यांत उतरवून घेतली होती. मी पाणी प्यायले आणि अप्पांबद्दल सांगितलं. गळ्याबद्दल, त्या ओळीबद्दल. पालमची कॅसेट हवी आहे म्हटलं.

मास्तरांचे डोळे भरून आले. "न्हाई माज्याकडं," ते म्हणाले. "पन तू काळजी करू नगस. ती लय सुरक्षित हाय." त्यांनी वही काढली, बोट ओलं करून पानं उलटली आणि माझ्यापुढे धरली. "हे बघ. कॅसेटीला बुरशी लागली होती, फेकावी लागली. माजी डिस्क लहान, समदं कुटं ठिवू? म्हनून मी एक नेम केल्ता. एखादी कॅसेट कुनी पाचपट दिली, म्हंजे पाच घरी पोचली, की आपल्याकडली पुसायची आन् नव्याला जागा करायची. पालमची कुनी न्हेतच नव्हतं बघ. माजा जीव लागून ऱ्हायला होता तिच्यात. आन् मंग तू! आठ दिवसांत पाचपट दिलीस. मी निर्धास्त पुसली. तवाच मनलं, ह्या पोरीला येकदा भेटायचं."

वहीत त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: पालम, बाजू अ व ब. दिले: बाभूळ. पाच घरी पोचली. पुसण्यास हरकत नाही.

 वाटलं, उठावं, पळावं, तुरीवरून, कोंबड्यांवरून सरळ फाट्यापर्यंत. मास्तर चष्मा लावून विचारत होते, "ते पाच जन कोन होते, आठवतंय का? धुंडू आपन."

"सर," मी म्हणाले, "कुणीच नव्हतं. मी खोटं टाकलं होतं. रेशोसाठी."

त्यांना आधी कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, जुगाड, आकडा, सगळं. त्यांनी मला रागवावं म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले. पट्टी मारली असती तरी बरं वाटलं असतं. ते रागावले नाहीत. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, पहिल्या पानावर गेले आणि हळूच विचारलं, "मंग बाकीच्यांनीबी तसंच केलं आसंल का गं?"

 त्यांचं बोट एकेका नोंदीवरून खाली सरकायला लागलं. पाच घरी पोचली. पाच घरी पोचली. पुसण्यास हरकत नाही. वही संपली तेव्हा त्यांनी दुसरी घेतली. मी निघते म्हणाले ते त्यांनी ऐकलं नसावं. दारातून वळून पाहिलं तेव्हा ते फोन हातात घेऊन कुणाचा तरी नंबर लावत होते आणि बोटं चुकत होती.

परभणीची गाडी भरलेली होती. मधे एक जागा मोकळी झाली तरी मी उभीच राहिले. खोटं बोलायचं ठरवत होते. साईटवाला माणूस गावाला गेलाय, पुढच्या महिन्यात येईल. किंवा डिस्क खराब झाली. डिस्का काय, खराब होतातच. प्रत्येक फाट्याला एक नवी थाप सुचत होती आणि पुढच्या फाट्याला नासत होती.

घरी अप्पा बाजेवर बसून वाट बघत होते. माझं तोंड बघून त्यांना कळलंच असेल, तरी त्यांनी फोन पुढे केला नाही, थांबले. मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं, एकही थाप न लावता. हिरव्या नावाचं, भज्यांचंसुद्धा. "अप्पा, तुमचं गाणं मीच पुसलं," म्हणाले, आणि मग मला रडू आलं, मोठ्यानं, लहान पोरासारखं.

त्यांनी फोन उचलला. एकेक अक्षर शोधत बराच वेळ लावला. मला वाटलं, मोठं काहीतरी लिहिताहेत. पुढे धरलं तेव्हा एवढंच होतं, "कोनतं गानं होतं त्यात?"

 मला माहीत नव्हतं. माझ्याकडे ते वर्षभर होतं आणि मी खाकरण्याच्या पुढे कधी गेलेच नव्हते. पुसल्याचं सांगताना वाटली नव्हती एवढी लाज मला तेव्हा वाटली. "ऐकलं नव्हतं अप्पा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खाली मान घालून टाइप करायला लागले. स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करायला उठले आणि परत आले तरी लिहिणं चालूच होतं. शेवटी फोन माझ्या मांडीवर ठेवला.

पाटी फुटली तर भुईवर लिही गं
भुई काय फुटत न्हाई
पानी आलं तर परत लिही गं
हात काय झिजत न्हाई

खाली लिहिलं होतं, "मीच केल्तं. तुज्या पहिलीच्या वर्षी. म्हन."

"मला कुठं गाता येतंय," मी म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. बाजेच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला आणि भुवई उचलली. मी सुरुवात केली. पहिल्याच ओळीला त्यांनी कपाळावर हात मारला. हात वर केला, अजून वर, म्हणजे आवाज चढव. मी चढवला तर फाटला. त्यांनी मान हलवून पहिल्यापासून घ्यायला लावलं. पाचव्या सहाव्या वेळी दोन ओळी बऱ्या गेल्या असाव्यात, कारण त्यांचा ठेका थांबला नाही आणि ओठ माझ्याबरोबर हलायला लागले. माझा हात आपोआप माझ्या फोनकडे गेला. रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबणार तोच त्यांनी मनगट धरलं. मग आपला फोन घेतला आणि टाइप केलं.

"टेप करू नको. पाठ कर."

आठ दिवस झाले. रोज संध्याकाळी ते बाजेवर आणि मी खाली. तिसऱ्या ओळीला अजून चुकते.